बॉयलरखान्यातल्या माणसाचं पदक

बुडत्या बोटीवरच्या माणसांना वाचवल्याबद्दल दिलेल्या जुन्या पदकांविषयी मी इतकं बोलत असतो की, ‘त्यातलं तुम्हाला सगळ्यात मोलाचं कुठलं वाटतं?’ हा प्रश्न ठरलेलाच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: ‘टायटॅनिक’च्या मदतीला धावलेल्या ‘कार्पेथिया’ बोटीच्या खलाशांना मिळालेलं ब्राँझचं पदक.

१५ एप्रिल १९१२. मध्यरात्र उलटून गेलेली. ‘कार्पेथिया’चा वायरलेस ऑपरेटर हॅरोल्ड कॉटम झोपायच्या तयारीत होता, पण हेडफोन अजून कानावरच होते. म्हणून ‘टायटॅनिक’ची हाक त्याला ऐकू आली. अंतर ५८ सागरी मैल. कप्तान आर्थर रोस्ट्रन यांनी लगेच बोट वळवली. सगळी वाफ इंजिनाला मिळावी म्हणून प्रवाशांच्या खोल्यांचं गरम पाणी आणि ऊब बंद केली. पाळी संपवून झोपलेल्या, कोळसा ओढणाऱ्या माणसांनाही उठवून खाली पाठवलं. एरवी ताशी १४ सागरी मैल धावणारी ती बोट त्या रात्री त्याहून वेगाने, हिमनगांमधून वाट काढत गेली. वर डेकवरचे लोक डोळ्यांत तेल घालून पुढचा बर्फ पाहत होते. खाली भट्टीसमोर फावडं चालवणाऱ्यांना समुद्रही दिसत नव्हता. पहाटे चारच्या सुमारास बोट पोहोचली आणि सातशेहून अधिक माणसं वर घेतली.

अमेरिकेच्या काँग्रेसने रोस्ट्रन यांना सुवर्णपदक दिलं. ते योग्यच होतं. पण वाचलेल्यांनी स्वतःची समिती केली, पैसे गोळा केले आणि साऱ्या खलाशांसाठी पदकं घडवून घेतली. तीनशेहून अधिक! मे महिन्यात ‘कार्पेथिया’ न्यूयॉर्कला परतली, तेव्हा वाचलेल्यांपैकीच एक असलेल्या मार्गारेट ब्राऊन यांनी समितीतर्फे रोस्ट्रन यांना चांदीचा चषक दिला. पदकंही तेव्हाच वाटली गेली: कप्तान आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना सोन्याची, कनिष्ठ अधिकाऱ्यांना चांदीची, बाकी सगळ्यांना ब्राँझची. या ‘बाकी सगळ्यां’त रात्रभर सूप आणि ब्लँकेटं पुरवणारे होते, आणि कोळशाने काळे झालेलेही.

धातूतला हा भेद मला खटकतो, अजूनही. पण पदकावर कोरलेला मजकूर तिन्हींवर एकच आहे: कप्तान, अधिकारी आणि खलाशी यांना, त्यांच्या शौर्याबद्दल, ‘टायटॅनिक’वरून वाचलेल्यांकडून. सरकारी पदकावर देणाऱ्याच्या जागी राज्याचं नाव असतं. इथे त्या जागी, ज्यांचे प्राण वाचले तीच माणसं आहेत.