काळ्या उंबराचा चीक

माझ्या डाव्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याखाली, कोडाचा एक डाग आहे. रुपयाएवढा. अकराव्या वर्षी निघाला तेव्हा तुरीच्या डाळीएवढा होता, पण घरातल्यांचे चेहरे असे झाले की माझं लग्न त्याच दिवशी मोडलं असावं. आईने देवापुढे नारळ ठेवला, बाबांनी चिपळूणच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. ते ठरेपर्यंत आजीने आपलं औषध सुरू केलं होतं.

औषध म्हणजे पऱ्याच्या, म्हणजे गावच्या ओहोळाच्या, काठचा काळा उंबर. कुणी त्याला बोखेडा म्हणतं, कुणी भुई उंबर. नेहमीच्या उंबराखाली दत्त बसतो, त्यामुळे त्याला कुऱ्हाड लावायची कुणाची छाती होत नाही. याच्या वाट्याला ना पार, ना प्रदक्षिणा. संस्कृतातसुद्धा याची बोळवण काकोदुंबर म्हणूनच, म्हणजे कावळ्यांचा उंबर. शास्त्रीय नाव फायकस हिस्पिडा. हिस्पिडा म्हणजे राठ केसांचा, आणि नाव ठेवणाऱ्याने पान नक्की हातात घेतलेलं असणार. गायीने हात चाटावा तसं ते दोन्ही बाजूंनी लागतं. आजोबा पॉलिश पेपर संपला की पाटाच्या कडा याच पानाने घासत. वड, पिंपळ, उंबर यांची पानं एकाआड एक येतात, याची मात्र समोरासमोर जोडीने. आणि फळं थेट खोडातून फुटलेल्या दोरखंडांसारख्या फांद्यांना लटकलेली, काही तर जमिनीला टेकलेली. पिकली की पिवळट होतात. सकाळी झाडाखाली वटवाघळांनी चघळून टाकलेला चोथा पडलेला असायचा. आम्ही मुलं ती फळं खात नव्हतो, कारण खाल्ली की ओकारी येते हे प्रत्येक पिढीतला एक तरी शहाणा करून बघतोच.

तर, आजीने कच्चं फळ देठापासून खुडलं, पांढरा चीक करवंटीत धरला आणि कापसाच्या वातीने माझ्या डागावर लावला. मग अंगणात बसवलं. मे महिना, सकाळचे अकरा. मी सावलीकडे सरकायला लागले की ती म्हणायची, “उन्हात बस गो बाय. उन्हाशिवाय गुण नाय याला.”

त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि संध्याकाळी मनगट तापायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथे द्राक्षांएवढे फोड होते. डॉक्टर आईबाबांवर ओरडले, आईबाबा आजीवर. आजी गप्प.

आजी काय करत होती हे मला कळलं ते बी. फार्मच्या वर्गात. अंजिराच्या कुळात फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. बोखेड्यातही त्यातली सोरालेन आणि बर्गाप्टेन सापडली आहेत. अंधारात ती निमूट बसतात. त्वचेवर असताना ऊन, त्यातले अतिनील ए किरण, पडले की पेशींच्या डीएनएला जाऊन चिकटतात. जळजळ लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी वर येते. सर फळ्यावर हे लिहीत होते आणि मी टेबलाखाली मनगट दाबून बसले होते.

सोरालेन हे नाव बावचीच्या शास्त्रीय नावावरून आलंय, तीही आपल्याकडची कोडावरची जुनी वनस्पती. पुढे याच तत्त्वावर पुवा उपचार आला. सोरालेनची गोळी आणि मग दिव्याखाली मोजून दिलेले किरण. 1974 मध्ये तो सोरायसिस या त्वचारोगासाठी गाजला. त्यात मात्रा अगदी थोडीशी सुरू करून वाढवत नेतात, डोळ्यांवर काळा चष्मा देतात.

मग मी चरकसंहिता उघडली. चिकित्सास्थान, सातवा अध्याय. श्वित्रावर, म्हणजे कोडावर, मलपूचा रस गुळाबरोबर पाजावा. मलपू म्हणजे हाच काकोदुंबर. आधी अंगाला तेल, रस प्यायल्यावर उन्हात बसवायचं, तेही यथाबल, म्हणजे रोग्याला झेपेल तितकंच. रेच झाल्यावर तीन दिवस पेज. डागावर फोड आले तर ते काट्याने फोडावेत. फोड! त्यांना ते अपेक्षितच होते. आजीपर्यंत येता येता चीक उरला, ऊन उरलं, ‘यथाबल’ तेवढं वाटेत कुठेतरी गळलं.

गुण आला का? डागाच्या मधोमध तीन तपकिरी ठिपके आले, ते अजून आहेत. आजी शेवटपर्यंत पाहुण्यांना ते दाखवायची. आणि कडेने डाग रुपयाएवढा झाला, कारण कोड असलेल्या कातडीला इजा झाली की कधीकधी तिथे नवा डाग उमटतो. ते आजी दाखवायची नाही.

आता मी मेडिकलच्या काउंटरला उभी असते. कुणी मोबाइल पुढे करून विचारतं, ताई, या काळ्या उंबराच्या सालीने साखर उतरते ना? उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांत सालीच्या अर्काने उतरलेली आहे. पानांच्या अर्काने त्यांचं यकृत औषधाच्या विषापासून वाचलंय, जुलाब थांबलेत. पानांतल्या अल्कलॉइड्सनी प्रयोगशाळेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी मारल्यात, पण बशीतल्या पेशी फिनाइलनेही मरतात. यापलीकडे, माणसांत, मात्रा ठरवण्याइतकं काम मला दिसलेलं नाही. मी हे सगळं सांगते, गिऱ्हाईक हिरमुसतं आणि मेटफॉर्मिनची स्ट्रिप घेऊन जातं.

यंदा दिवाळीत भाचीला घेऊन पऱ्यावर गेले होते. झाड तिथेच आहे, थोडं कललंय. तिला फळ चिरून आतली चिलटं बघायची होती, कारण मीच सांगून ठेवलं होतं की फुलं फळाच्या आत असतात आणि चिलटासारखी गांधीलमाशी आत शिरून परागण करते. मी पिशवीतून चाकू काढेपर्यंत तिने फळ नखाने फोडलं. बोटं चिकाने माखली.

“सावलीत ये आधी,” मी ओरडलेच.

“मावशी, उंबर तर आहे.”

पऱ्याच्या पाण्यात तिचे हात धुतले, घरी येऊन साबणाने पुन्हा धुतले आणि दिवसभर तिला अंगणात जाऊ दिलं नाही. ती रुसून बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी, ती उठायच्या आधी, मी तिची बोटं उलटसुलट करून बघितली.