आमची वाटचाल : आठ पाकळ्यांपासून एका नाडीपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे वर्कशॉप आहे आणि तेथे आम्ही गादीदार पफी मढवण्याचे, हवेच्या दाबावर चालणारे यंत्र बनवतो. पफी म्हणजे सोफ्यापुढे पाय टेकण्यासाठी ठेवतात ते बिनपाठीचे बुटके आसन. शुद्ध मराठीत त्याला पादपीठ म्हणता येईल, पण त्या नावाने दुकानात मागणी केली तर दुकानदार बहुधा देवघराचे सामान दाखवील. म्हणून आमच्या माहितीपत्रकावरही पफी हाच शब्द आहे. एवढ्या किरकोळ वस्तूसाठी वेगळे यंत्र कशाला, हा प्रश्न आम्हाला बँकेत, प्रदर्शनात आणि खुद्द घरातही विचारला गेला असल्यामुळे पुढील हकिकत थोडी तपशिलात लिहीत आहे.

माझे वडील सोफा कारागीर होते. चौकोनी सोफ्याची बैठक ते बोलता बोलता मढवीत, परंतु गोल पफी समोर आली की त्यांचे बोलणे थांबत असे. कापड पालथे पसरायचे, त्यावर फोम, फोमवर प्लायवूडची गोल चकती ठेवायची, डाव्या हाताने आणि छातीने चकती दाबून धरायची, उजव्या हाताने कापड ओढायचे आणि त्याच हाताने गन उचलून पिन मारायची, असा तो प्रकार होता. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे आधी बारा आणि सहा, मग तीन आणि नऊ, त्यानंतर मधल्या जागा. यात खरी अडचण अशी की कापड चारी बाजूंना सारखे ताणले जात नाही. उभ्या आणि आडव्या धाग्यावर ते थोडेच सरकते, उरेब म्हणजे तिरप्या दिशेला मात्र मनसोक्त ताणले जाते, त्यामुळे सगळीकडे सारखाच जोर लावणाऱ्या नवख्या माणसाची पफी हमखास चार कोपऱ्यांची होते. शिवाय दिवसभर छातीने फोम दाबल्यामुळे वडिलांच्या बरगड्या दुखत, आणि हे दुखणे त्यांनी डॉक्टरांनाही कधी नीट सांगितले नाही.

मी आयटीआय करून उद्यमनगरात लेथवर कामाला होतो. छातीचा भार तरी यंत्राने उचलावा एवढ्याच हेतूने मी २०१६ मध्ये एका बुकबाइंडरकडचा जुना स्क्रू प्रेस विकत घेतला, त्याच्या लोखंडी पाटाच्या जागी लहान गोल तबकडी बसवली आणि तो वडिलांच्या टेबलावर आणून ठेवला. स्क्रू फिरवून चकती दाबायची, दोन्ही हात मोकळे ठेवून पिना मारायच्या आणि स्क्रू उलटा फिरवायचा. काम नीट होई, पण स्क्रू फिरवण्यातच इतका वेळ जाई की दुसऱ्या आठवड्यात वडिलांनी त्यावर चहाची किटली ठेवायला सुरुवात केली.

तेव्हा स्क्रूऐवजी हवेचा सिलिंडर लावण्याचे ठरले. पिना मारायच्या गनसाठी हवेचा कॉम्प्रेसर होताच. उद्यमनगरातल्या कोणत्याही फिटरप्रमाणे माझाही समज होता की सिलिंडर जितका मोठा तितके यंत्र दमदार, म्हणून मी १०० मिलिमीटर बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, सिलिंडर आणला. सहा किलो प्रेशरला, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सहा किलो दाबाला, तो सुमारे ४७० किलोचा भार देतो. पफीचा फोम त्याखाली पापडासारखा चपटा झाला, आम्ही त्या अवस्थेत कापड ओढून पिना मारल्या आणि दाब सोडल्याबरोबर फोमने उसळी घेऊन कापड असे तट्ट फुगवले की पफीचा घुमट झाला. पाहणाऱ्यांनी कौतुक केले. तीन दिवसांत मात्र पिना एकामागून एक उपसू लागल्या आणि एका पफीचे कापड कडेला फाटले.

या यंत्रातली पहिली खरी गोष्ट मला त्या वेळी समजली. दाब हा कापड ओढण्यासाठी नसतोच. फोम ठरावीक उंचीपर्यंत खाली नेऊन कापडाला जागा करून देणे एवढेच त्याचे काम असते आणि अखेरचा ताण मोकळा होणारा फोमच कापडाला देतो. १० सेंटीमीटर जाडीचा फोम साधारण साडेसहा ते सात सेंटीमीटरपर्यंत दाबला की पुरते. ४० सेंटीमीटर व्यासाच्या, नेहमीच्या ४० डेन्सिटीच्या (घनमीटरला ४० किलो वजनाच्या) फोमला त्यासाठी शंभर किलोचाही भार लागत नाही. आज आम्ही ६३ मिलिमीटर बोअरचा सिलिंडर वापरतो, तो चार किलो प्रेशरला सुमारे १२५ किलो देतो, आणि खाली किती यायचे हे दाबावर न सोडता उंचीच्या स्टॉपरवर ठरवतो. फोम कोणत्या कंपनीचा, किती मऊ, याची मग फारशी चिंता राहत नाही.

इथपर्यंत ठीक होते. पुढची दीड वर्षे मी ज्या दिशेने घालवली ती चुकीची होती, आणि त्यात मुद्रा योजनेच्या किशोर गटातून घेतलेल्या कर्जाचा मोठा भागही गेला. माझ्या मनाने घेतले की दाब यंत्र देते तर ताणही यंत्रानेच द्यावा. टेबलाभोवती आठ लोखंडी पाकळ्या बसवायच्या, पायाने पेडल दाबताच त्या एकदम वर उठतील आणि कापड चकतीच्या मागे दुमडून धरतील, अशी ती रचना होती. कास्टिंग उद्यमनगरातच झाले, पाकळ्या ज्यावर फिरतात ते पिव्होट मी स्वतः लेथवर कातले आणि पाकळ्या इतक्या सुरेख मिटू लागल्या की शेजारच्या वर्कशॉपमधील लोक जेवणाच्या सुट्टीत ते पाहायला येत. त्यातून बाहेर पडणारी पफी मात्र अष्टकोनी होती. प्रत्येक पाकळीखाली कापड सपाट बसे आणि दोन पाकळ्यांच्या मधे जाड चुणी येई. आठच्या बारा पाकळ्या केल्या, तेव्हा बारा चुण्या आल्या.

चुण्या का येतात याचे गणित मी कागदावर बरेच उशिरा मांडले, वास्तविक ते आधी मांडायला हवे होते. ४० सेंटीमीटरच्या चकतीसाठी आम्ही ६८.४ सेंटीमीटर व्यासाचे गोल कापड कापतो, म्हणजे त्याच्या कडेचा घेर सुमारे २१५ सेंटीमीटर होतो. ती कड चकतीच्या मागे तीन सेंटीमीटर आत येऊन बसते तेव्हा तिला मिळणारी जागा १०७ सेंटीमीटरच असते. निम्मे कापड कुठेतरी जिरवावे लागते. ते आठ ठिकाणी जिरवले तर आठ गाठोडी दिसणार. दोनशे ठिकाणी जिरवले तर डोळ्यांना काहीच दिसणार नाही.

हे गणित मी घरी मोठ्याने बोलत बसलो असताना आई पान लावत होती. तिने पाहिलेही नाही, नुसते म्हणाली, “अरे, बटव्याचं तोंड कुणी आठ बोटांनी आवळतं का? नाडी ओढतात.”

त्यानंतर पाकळ्या काढल्या. कापडाच्या कडेला ओव्हरलॉक मारताना टाक्यांच्या आत नायलॉनची बारीक दोरी घ्यायची, म्हणजे दुमडीसाठी जास्त कापड लागत नाही. कापड, फोम आणि चकती टेबलावर ठेवून तबकडी खाली आणायची आणि दोरीची दोन टोके ओढायची. कड वर उठते, चकतीच्या मागे सारखी गोळा होते आणि दाबणारी तबकडी २८ सेंटीमीटर व्यासाची असल्यामुळे तिच्याभोवती पिन मारण्यापुरती पट्टी मोकळी राहते. उरेबच्या चार जागी कापड किंचित जास्त ओढायचे की सोडायचे, हे कारागीर अंगठ्याने ठरवतो. सोफा कारागिरांनी दोरीची ही युक्ती पूर्वी वापरलेली नाही असे अजिबात नाही. आम्ही तिला दाबाची आणि फिरत्या टेबलाची जोड दिली, एवढाच आमचा वाटा.

फिरते टेबल ही गरज वडिलांनी सांगितली. पफीभोवती पन्नास-पंचावन्न पिना मारताना कारागीर यंत्राभोवती प्रदक्षिणा घालणार की पफी त्याच्यासमोर फिरणार, असा त्यांचा सवाल होता. त्यासाठी आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हब, म्हणजे चाक ज्यावर फिरते तो मधला भाग, वापरला. त्यातील टेपर रोलर बेअरिंग वरून येणारा दाब सहज झेलते, सुटा भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतो आणि खेड्यातला मेकॅनिकही तो डोळे मिटून बदलतो. वरची तबकडीही सिलिंडरच्या दांड्यावर मोकळी फिरते, नाहीतर चकती आणि कापड एकमेकांवर घासून पीळ पडला असता. बाहेरच्या एका यंत्रविक्रेत्याने हा हब पाहून आमच्या यंत्राला “जुगाड” म्हटले होते. पेरणीपासून ऊसवाहतुकीपर्यंत टनावारी ओझे वाहणाऱ्या भागाला हा शब्द कसा लागू पडतो, ते मला अजून कळलेले नाही.

यंत्र विकायला निघालो तेव्हा मी वेळेची बचत सांगत असे. गोल पफीला वडिलांना पंचवीस मिनिटे लागत, यंत्रावर कड शिवण्याचा वेळ धरूनही दहाच्या आत काम होते. कारखानदार ऐकून घेत आणि चहा पाजून परत पाठवीत, कारण त्यांच्याकडे मजुरी नगावर होती आणि वेळ कारागिराचा जात होता. सांगलीच्या एका फर्निचर कारखानदारांनी मात्र वेळेबद्दल काही न विचारता कापडाबद्दल विचारले. हाताने मढवताना मुठीत धरण्यासाठी चकतीच्या मागे सहा सेंटीमीटर कापड सोडावे लागते, म्हणजे कापडाचा गोल ७४.४ सेंटीमीटरचा होतो. सोफ्याचे कापड ५४ इंच पन्ह्याचे असते. त्यात हे गोल दोन ओळींत, एकमेकांच्या खाचेत बसवून कापले तरी प्रत्येक जोडीला सुमारे ८० सेंटीमीटर लांबी जाते. ६८.४ सेंटीमीटरचे गोल त्याच पन्ह्यात मोकळे बसतात आणि जोडीला ६८.४ सेंटीमीटरच लांबी पुरते. शंभर पफ्यांमागे सहा मीटर कापड वाचते, हा हिशेब त्यांनी माझ्यासमोर खडूने टेबलावर मांडला आणि पहिली ऑर्डर दिली. तेव्हापासून मी विक्रीला जाताना घड्याळ न दाखवता खडू नेतो.

त्याच यंत्राने आम्हाला महिनाभरात खाली मान घालायला लावली. कारखान्याने मखमलीच्या पफ्या केल्या आणि प्रत्येकीच्या माथ्यावर टेबलाच्या कडेचा गोल वळ उमटला. पफी पालथी असल्याने सगळा दाब मखमलीच्या लवेवर येत होता, आणि मी तोवर चाचण्या फक्त रेक्झिनवर घेतल्या होत्या. वाफ देऊन बरीचशी लव उठली, काही नग आम्ही स्वखर्चाने पुन्हा मढवून दिले. आता टेबलाला सपाट पत्रा नसतो. पफीच्या माथ्याच्या आकाराची उथळ खोलगट बैठक असते, तिच्यावर मऊ फोम आणि त्यावर उलटी मखमलच ताणलेली असते, त्यामुळे लव लवेत रुतते आणि वळ उठत नाही.

बाकीची संकटे सगळ्यांवर आली तशीच आमच्यावर आली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा सोफा-खुर्च्यांवर २८ टक्के कर होता. नोव्हेंबरमध्ये तो १८ झाला, तोपर्यंत आमच्या भावी ग्राहकांनी नव्या यंत्राचे नाव काढले नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला, वाहतूक अनेक दिवस बंद राहिली आणि उल्हासनगरला निघायची दोन यंत्रे वर्कशॉपच्या दारातच ताडपत्रीखाली उभी राहिली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत वर्कशॉप बंद होते, त्या काळात मी नकाशे नीट काढले. त्यापूर्वी यंत्राची मापे माझ्या डोक्यात आणि वेल्डरमामांच्या खडूत होती.

कारागिरांच्या विरोधाबद्दल लिहायला हवे. एका ठिकाणी यंत्र बसवून परतलो आणि आठवड्याने पाहतो तर त्यावर रेक्झिनचे ताके रचून ठेवलेले. तेथील ज्येष्ठ मिस्त्रींना वाटत होते की हे यंत्र आपली जागा घेईल. त्यांना मी काही समजावले नाही. त्यांचा हात धरून उरेबच्या जागी कापड किती सोडायचे ते मला दाखवा, एवढे म्हटले, आणि त्यांनी ते यंत्रावरच दाखवले. नंतर त्यांनीच एक दुरुस्ती सुचवली. तबकडी खाली आणण्यासाठी आम्ही सुरक्षेखातर दोन हातांची दोन बटणे दिली होती, म्हणजे बोट मधे सापडू नये. पण बटणे दाबताना कापड निसटत असे. मिस्त्रींच्या सांगण्यावरून टेबलाच्या कडेला चार कापडी चिमटे बसवले. ते कापड धरून ठेवतात आणि दोन्ही हात निर्धास्त बटणांवर जातात. हवा गेली तरी तबकडी आहे तेथेच राहावी म्हणून सिलिंडरवर चेक व्हॉल्व्ह आहे. तो काढून स्वस्तात यंत्र द्या असे सांगणाऱ्या ग्राहकाला आम्ही यंत्रच देत नाही.

वडील आता कामाला येत नाहीत, पण नवे यंत्र रवाना होण्याआधी त्यावरची पहिली पफी तेच मढवतात, बसूनच, कारण टेबलाची उंची आम्ही स्टुलाच्या मापाने ठरवली आहे. आठ पाकळ्यांचे यंत्र कोपऱ्यात उभे आहे आणि पावसाळ्यात त्याच्या पाकळ्यांवर रेनकोट वाळत घातले जातात. सध्या आम्ही पाइपिंग (शिवणीत बसवलेली दोरीसारखी गोल किनार) लावलेल्या चौकोनी पफीमागे लागलो आहोत. कोपऱ्यावर पाइपिंगची रेघ तीन-चार मिलिमीटरने ढळते, आणि येथे नाडी कामाला येत नाही, कारण चौकोनात कापड जिरवायचे असते ते फक्त चार कोपऱ्यांत. कोपऱ्यापुरत्या चार पाकळ्या लावून पाहाव्यात असे वेल्डरमामांचे म्हणणे आहे. मी अजून होकार दिलेला नाही, पण परवा कोपऱ्यातल्या यंत्रावरचे रेनकोट काढून ठेवले आहेत.