तुम्ही विचारलंत म्हणून: हाऊसफुल्ल होतं ना, मग पैसे गेले कुठे?

लग्नाच्या पंगतीत, तिठ्यावर, एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं असताना प्रश्न आला आहे: "नाटकांत कितें उरता रे?" आणि पाठोपाठ दुसरा: "त्या दिवशी हाऊसफुल्ल प्रयोग मध्येच बंद का केलास?" पहिल्याचं उत्तर हिशेबाने देता येतं. दुसऱ्याचं मी दर वर्षी वेगळं देतो. मी गोव्यात मराठी नाटकांचा निर्माता, आणि नाईट म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ते सोडून लिहितो.

आधी हिशेब. आकडे धरलेले आहेत, पण ओढूनताणून आणलेले नाहीत. सातशे खुर्च्या. पुढच्या २५० पाचशे रुपयांच्या, २०० चारशेच्या, १५० तीनशेच्या, बाल्कनीच्या १०० दोनशेच्या. सगळ्या गेल्या तर २ लाख ७० हजार. पाचशेच्या वर का जात नाही, असं शहाणी माणसं विचारतात. नाटकाचं तिकीट पाचशेपर्यंत असेल तर जीएसटी नाही. पाचशे एक केलं की आहे. म्हणून बहुतेक नाटकांत पहिल्या रांगेचा दर पाचशेलाच येऊन अडतो.

आता जावक. नटांच्या आणि पडद्यामागच्यांच्या नाईटी ७० हजार, नाट्यगृहाचं भाडं ३०, जाहिरात आणि बॅनर ३०, लाइट-साउंड २२, सेटचा टेंपो आणि हमाली १४, बस १२, तिकीटविक्रीचं कमिशन १२, चहा-जेवण ९, कपडेपट आणि रंगभूषा ६, लेखकाचं मानधन ५. झाले २ लाख १० हजार. वर चाळीस सन्मानिका, म्हणजे फुकटचे पास. त्या नेहमी पाचशेच्याच रांगेत बसतात, दोनशेच्या बाल्कनीत सन्मान होत नाही. ते वीस हजार वजा केले की हातात राहतात चाळीस हजार. तेही हाऊसफुल्लचा बोर्ड लागला तर. शंभर खुर्च्या रिकाम्या राहिल्या की तेवढेच जातात, आणि खर्चातला एक रुपया कमी होत नाही. न विकलेलं तिकीट साडेसातला नासतं. बाजारातला बांगडा निदान संध्याकाळी स्वस्तात जातो.

नाटक उभं करतानाचा एकदाचा खर्च, म्हणजे सेट, कपडे, संगीताचं ध्वनिमुद्रण, महिनाभराच्या तालमी, सहा लाख धरा. चाळीस हजारांनी भागा. पंधरा भरलेले प्रयोग. आता गोव्यातले प्रयोग मोजा: पणजीचं दीनानाथ मंगेशकर कला मंदिर, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, कुडचडे, साखळी आणि वास्को इथली रवींद्र भवनं. सहा झाले, आणि फेरी संपली. २०११च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख. त्यात मराठी नाटकाला तिकीट काढणारा माणूस फोंड्याला पाहून झाल्यावर साखळीला पुन्हा येत नाही. मग सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला. तिथे टेंपोभाडं वाढतं आणि तिकिटाचा दर उतरतो.

यावर ठरलेला टोमणा येतो: तियात्रवाल्यांना कसं जमतं? (तियात्र म्हणजे आमचं कोकणी, गाण्यांचं नाटक.) जमतं, कारण त्यांचा प्रेक्षक पहिल्यापासून पैसे मोजून आत येतो. १८९२ साली पहिलं तियात्र झालं तेच मुंबईच्या नाट्यगृहात. आपलं मराठी नाटक गोव्यात वाढलं देवळाच्या प्रांगणात. पालखी झाल्यावर, मध्यरात्रीनंतर, उजाडेपर्यंत. देवाच्या दारात तिकीट नसतं. वर्गणी गावाची, नट गावचे, नायकाचं काम करणारा स्वतःच्या खिशातून खर्च करतो, बाहेरून आणलेल्या नटीची नाईट तेवढी रोख. तिथे नाटक पाहिलेल्या माणसाला मी सांगतो, तेच नाटक बघायला पाचशे दे. तो म्हणतो, आमच्या गावात फुकट होतं, आणि नायक माझा मावसभाऊ होता. काय सांगणार? त्या मांडवावरही आता रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, असं बंधन आहे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत सरकार वर्षाला पंधरा दिवसांपुरतं बारापर्यंत सूट देऊ शकतं. पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकाचं त्यात काय होणार? पण हे बोलायला लागलो की मूळ प्रश्न राहतो.

तर तो दिवस. कुठल्या नाट्यगृहात, ते सांगणार नाही. तिथला वायरमन चांगला माणूस आहे.

नाटकाला हजार वॅटचे २४ हॅलोजन दिवे होते, तेज कमीजास्त करणाऱ्या सहा डिमरवर चार-चार. तीन फेजवर दोन-दोन डिमर टाकायचे, म्हणजे प्रत्येक फेजवर आठ दिवे, ८ किलोवॅट, २३० व्होल्टला साधारण ३५ अँपियर. जादा भाराला वीज तोडणारा ब्रेकर प्रत्येक फेजला ३२ अँपियरचा. वाचताना भीती वाटेल, पण एवढ्याशा जादा भाराला तो सहसा पडत नाही, आणि आठही दिवे पूर्ण तेजावर क्वचितच असतात. त्या दिवशी तिसऱ्या फेजला पुरवठाच नव्हता. सकाळी अकराला कळलं. वायरमनने त्यावरचे दोन डिमर उरलेल्या दोघांवर एकेक वाटून टाकले. आता प्रत्येक फेजवर बारा दिवे, ५२ अँपियर. दुपारी फोकस लावले, सगळं पेटलं. "चलता," तो म्हणाला. मीही म्हणालो, चालतंय.

चाललं कसं, हे नीट समजून घ्या, कारण सगळी चूक इथे आहे. फोकस लावताना दिवे एकेक पेटवतात. बाराही एकदम पूर्ण तेजावर दहा मिनिटं ठेवून कोणी बघत नाही, कारण वेळ नसतो, सेटवाले शिडीखाली असतात, आणि उकाड्याने सगळे ओरडतात. आणि ब्रेकरचं असं असतं की शॉर्टसर्किट झालं तर तो क्षणात पडतो, पण भार दीडपट झाला तर आतली पट्टी तापून वाकेपर्यंत थांबतो. काही मिनिटं सगळं ठीक दिसतं.

दुसऱ्या अंकात लग्नाचा प्रवेश. नाटकभरात फक्त तिथेच चोवीस दिवे पूर्ण तेजावर. सातव्या मिनिटाला अर्धा रंगमंच काळोखात गेला, आणि मिनिटभरात उरलेला अर्धा. नाट्यगृहाचा जनरेटर सुरू केला, पण त्याच्यावर फक्त सभागृहाचे दिवे आणि पंखे होते. ब्रेकर वर केला. तापलेला ब्रेकर दुसऱ्यांदा लवकर पडतो. दोन मिनिटं. तिसऱ्यांदा एक.

आता तुमचा प्रश्न. उपाय होता का? होता. प्रत्येक फेजवरचे सहा दिवे मालवले की भार २६ अँपियर. नाटक शेवटपर्यंत गेलं असतं, थोडं अंधुक. मला तो हिशेब तेव्हाही येत होता. प्रकाशयोजनाकार म्हणाला, अर्ध्या दिव्यांत करणार असाल तर जाहिरातीतून माझं नाव काढा. मुख्य नट म्हणाला, चौथ्यांदा काळोख झाला तर मी पुन्हा उभा राहणार नाही. मी पडद्यापुढे गेलो आणि पैसे परत देतो म्हणून सांगितलं.

प्रामाणिकपणा, असं तेव्हा मी त्याला नाव दिलं. माणसाने पाचशे रुपये दिले ते पूर्ण प्रकाशाच्या नाटकाचे, असं म्हणालो होतो. आज वाटतं, त्यात निम्मी मिजास होती. आमची माणसं पेट्रोमॅक्सच्या उजेडात रात्ररात्र नाटक पाहिलेल्यांची मुलं-नातवंडं. ती बसली असती. कोणी उठलंही नव्हतं. पण लगेच दुसरं मनात येतं: फुकटच्या मांडवात माणूस थांबतो, तिकीट काढलेला थांबेल हे कशावरून? आणि थांबला असता तरी पुढच्या वेळी पाचशे देताना त्याला तो अंधुक उजेड आठवला असता. यातलं एक बरोबर असणार. कुठलं, ते ठरवायला मला तसाच दुसरा प्रयोग लागेल, आणि तो मला नको आहे.

परताव्याचंही ऐका. रोखीच्या तिकिटांचा उरलेला अर्धा तुकडा बघून पैसे दिले. ऑनलाइनवाल्यांच्या तिकिटाचे पैसे परत गेले, कमिशनचा भुर्दंड माझ्यावर. नाईटी पूर्ण द्याव्या लागल्या, नटांची चूक नव्हती. भाडं पूर्ण. रांगेत तीन सन्मानिकावाले होते. एकाशी मी वाद घातला, दोघांना दिले. म्हणजे दोन लाखांहून अधिक त्या एका संध्याकाळी. आणि बाहेरचा 'हाऊसफुल्ल' बोर्ड काढायचा राहून गेला. तुम्ही येताजाता पाहिलात तो तोच.

माझा स्वतंत्र जनरेटर का नव्हता, हे अजून कोणी विचारलेलं नाही, पण विचाराल. भाडं सांगितलं होतं साडेआठ हजार. अकरा वाजता फोन केला असता तर चारपर्यंत आला असता. नाट्यगृहाचा आहे ना, म्हणून नाही केला. त्यावर काय चालतं आणि काय नाही, हे विचारलं नव्हतं.

आता पिशवीत तारेतले अँपियर मोजणारा क्लॅम्प मीटर असतो. दारं उघडायच्या आधी सगळे दिवे पूर्ण तेजावर वीस मिनिटं, कोणी कितीही ओरडो. निम्म्याहून जास्त दिवे एलईडी झालेत, त्यामुळे भार पूर्वीपेक्षा बराच कमी आहे. लग्नाच्या प्रवेशासाठी चार हॅलोजन मात्र ठेवलेत, ते का ठेवलेत यावरून घरात भांडण आहे.

पुढचा प्रयोग कुडचड्याला आहे. पाचशेच्या रांगा अजून उघडलेल्या नाहीत. सन्मानिकांसाठी अकरा फोन येऊन गेले.