अकरा वाजताची बांग

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. मी तेव्हा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका विद्यापीठाच्या टर्की पक्ष्यांवरच्या प्रकल्पात फील्ड टेक्निशियन होते. पद ऐकायला भारदस्त, काम मात्र पाइनच्या जंगलात झाडांना बांधलेल्या रेकॉर्डरांची कार्डं आणि सेल बदलायचं आणि संध्याकाळी अंगावरच्या गोचिड्या मोजायचं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत रानटर्कीची पिल्लं कमी होत चालली आहेत. म्हणून नर कधी ओरडतात, माद्या कधी अंड्यावर बसतात आणि शिकारीचा हंगाम नेमका त्याच दिवसांत येतो का, हे तपासायचं होतं.

त्या दिवशी पहाटे आठ वेगवेगळे नर मोजले. नर रात्री उंच झाडावर बसतो आणि उजाडायच्या अर्धा तास आधीपासून फांदीवरूनच 'गुळ्ळुळुळु' सुरू करतो. मग खाली उतरून माद्यांच्या घोळक्यात शिरला की त्याची वाचाच बसते. ओरडून बोलवायचं ती मंडळी समोरच आली, मग घसा कशाला कोरडा करायचा? साडेआठला रान चिडीचूप.

अकराच्या सुमारास शेवटच्या रेकॉर्डरचं कार्ड बदललं, गाडीत बॅग टाकली आणि दार धाडकन लावलं. त्या आवाजासरशी डावीकडून उत्तर आलं, 'गुळ्ळुळुळु!' हे नवीन नव्हतं. गाडीचं दार, ढगांचा गडगडाट, घुबड, कावळा, अचानक काहीही वाजलं तरी नर दचकून ओरडतो. पण मिनिटभराने तो पुन्हा ओरडला. कुणी काही वाजवलं नव्हतं. मग तिसऱ्यांदा, जवळून.

मी रिसीव्हर काढून ४१७ चा सिग्नल शोधला. ही पाठीवर ट्रान्समीटर लावलेली मादी. गेले दहा-अकरा दिवस ती सकाळी उशिरा एकाच जागी जात होती. टर्कीची मादी साधारण दिवसाला एक अंडं घालते, दहा-बारा झाली की अठ्ठावीस दिवस बसून राहते. सिग्नल ओढ्यापलीकडून येत होता, म्हणजे बाई घरट्यावर. आणि हा गडी एकटा पडला होता, म्हणून भर अकरा वाजता बांग देत सुटला होता.

इतक्यात उजवीकडून मादी बोलली. चार-पाच सुरांची हाक, मग थांबून पुन्हा. नर लगेच ओरडला. मी खूश होऊन एका जाड पाइनच्या बुंध्याआड बसले. तो जळक्या पट्ट्यातून आला. मुद्दाम आग लावून साफ केलेली काळी जमीन, आणि त्यावर पिसारा फुलवून पंख घासत चालणारा आठ-नऊ किलोंचा नर. डोकं आधी लालभडक, मग पांढरंफटक, गालांवर निळं. १६१२ साली गोव्याहून जहांगीराच्या दरबारात असाच एक टर्की गेला होता. बादशहाने त्याच्या डोक्याची तुलना सरड्याशी केली आणि मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. वाचलं तेव्हा मला ते अतिशयोक्त वाटलं होतं. तसं नव्हतं.

मादीचा आवाज पुन्हा आला, अगदी पहिल्यासारखा. तेवढेच सूर, तेवढीच थांबणूक. माझ्या पाठीतून शिरशिरी गेली. आमच्या माण तालुक्यात पारधी पिंजऱ्यातल्या तितराला ओरडायला लावून रानातले तितर फाशात ओढायचे, असं आजोबा सांगायचे. इथे पिंजऱ्याची गरज नव्हती. कुणीतरी पाटीवर काडी घासून तसा आवाज काढत मादी होऊन बसलं होतं, मांडीवर बारा बोअरची बंदूक घेऊन. आणि टर्की होता माझ्या आणि त्याच्या मधे.

अंगात नारिंगी जाकीट होतं, पण गाडीपाशी आल्यावर उकडलं म्हणून काढून ठेवलेलं. डोक्याला मात्र डब्याचा लाल-पांढऱ्या चौकडीचा रुमाल बांधलेला. हंगामात लाल, पांढरा आणि निळा अंगावर नको, हे प्रशिक्षणात दहादा सांगितलं होतं. टर्कीच्या डोक्याचे रंग तेच. अशा वेळी हात हलवायचा नाही, उठायचं नाही, माणसासारखं मोठ्याने ओरडायचं, हेही सांगितलेलं. मी ओरडले. तोंडातून निघालं ते मात्र, "ओ काका!"

टर्की उडाला नाही, पळाला. शहामृगासारखा, मान पुढे काढून.

झुडपामागून "बंदूक उघडून रिकामी केली आहे, उठा आता" असं ऐकू आलं, मग सत्तरीचा एक म्हातारा उभा राहिला. चिडेल असं वाटलं होतं. त्याचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते.

"मॅम, बुंध्याजवळ लाल-पांढरं हललेलं मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "दुसरा नर असेल असं वाटलं. पण छातीवरची दाढी दिसल्याशिवाय मी चापाला बोट लावत नाही."

दाढी म्हणजे नराच्या छातीवर लोंबणारा राठ केसांसारखा झुपका. मी रुमाल सोडून खिशात कोंबला. त्याने थर्मासमधली कॉफी दिली. पहाटे आठही नर त्यानेही ऐकले होते, पण एकही आला नव्हता. मग घरी जाऊन नाश्ता करून दहाला परतला. "पहाटेचे दहा ओरडतात, त्यांतला एक येत नाही. दहानंतर एक ओरडला तर तो येतोच," तो म्हणाला. काही राज्यांत दुपारी बारा-एकलाच बंदूक म्यान करावी लागते, इथे सूर्यास्तापर्यंत मुभा आहे, हे सांगताना त्याला कोण आनंद! मी ४१७ बद्दल सांगितलं, घरटं कुठे ते सोडून. त्याने विचारलंही नाही.

पंधरा दिवसांनी त्या रेकॉर्डरचं कार्ड काढलं. टर्कीचा आवाज शोधणारा प्रोग्राम दिवसाच्या फाइलमधून संशयित जागा काढून देतो, मग माणसाने एकेक ऐकून खरं-खोटं ठरवायचं. त्या दिवशीच्या फाइलमध्ये अकरानंतर पाच खुणा होत्या. चार त्याच्या. पाचवी ऐकली, तर "ओ काका!"

त्या ओळीपुढे मी 'टर्की नाही' लिहिलं. ४१७ अजून अंड्यांवरच होती.