तुम्ही विचारलंत म्हणून: शाई भेट द्यायची, पण रंग कोणता?

एप्रिल संपत आला की हा फोन येतोच. "सर, आमचे साहेब ३१ मेला रिटायर होतायत. शाईपेननं लिहितात. पेनं त्यांच्याकडे ढीगभर आहेत, म्हणून रंगीत शाईची बाटली द्यावी म्हणतो. कोणता रंग घेऊ?" शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकलेली एक पिढीच आहे आपल्याकडे, आणि १ जूनवाले ३१ मेला निवृत्त होतात. त्यामुळे माझ्या सल्ल्याचा हंगाम ठरलेला आहे.

सल्ला देणाऱ्यानं स्वतः काय दिवे लावले ते आधी सांगतो. माझे मामा नागपूरच्या महाल भागात राहतात. आयुष्यभर बँकेत रॉयल ब्लूनं लिहिलं. त्यांच्या पंचाहत्तरीला मी पायलट कंपनीच्या इरोशिझुकू मालिकेतली 'यू-याके' आणली. जपानीत यू-याके म्हणजे मावळतीची लाली. नागपूरचा माणूस, संत्र्याचा रंग, याहून चांगलं काय जमणार! जाड तळाची काचेची बाटली मामांनी खिडकीशी धरली, आतला नारिंगी प्रकाश त्यांच्या तळव्यावर पडला, घरातले सगळे "वा" म्हणाले. आठ दिवसांनी फोन आला. "अबे, तुझ्या शाईनं लिहिलेलं मलाच वाचता येत नाही. वही घेऊन गच्चीवर जावं लागते."

चूक माझीच होती. मामांच्या टेबलावर पिवळा दिवा, आणि पिवळ्या उजेडात नारिंगी अक्षर पांढऱ्या कागदापासून फारसं वेगळं उठत नाही. त्यात त्यांची निब बारीक. बारीक निब शाई कमी सोडते, रेघ आणखी फिकट पडते. मी बाटलीचा रंग पाहिला होता, अक्षराचा नाही.

तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे: या शाईनं किराण्याची यादी लिहिता येईल का? आली तरच ती भेट, नाहीतर ती शोकेसची वस्तू. म्हणून मी गडद रंग सुचवतो. लांबून काळपट वाटावा, जवळ घेतलं की खुलावा. डाळिंबी, वांगी, मोरपंखी, बाटलीचा हिरवा. याच पायलटची 'यामा-बुदो' म्हणजे रानद्राक्षं. जांभळं खाल्ल्यावर जिभेवर चढतो त्याच्या जवळपासचा रंग. लिव्हरपूलच्या डायमाइनची 'ऑक्सब्लड' कुंकू वाळून काळवंडावं तशी. आणि ही तीस मिलीच्या छोट्या बाटलीतही मिळते, ते मला महत्त्वाचं वाटतं. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनच्या आतल्या शाई ओढून घेणाऱ्या नळीत, जेमतेम पाऊण मिली शाई मावते, म्हणजे तीस मिलीत चाळीसेक वेळा पेन भरतं. रोज पानभर लिहिणाऱ्यालाही ती बरेच महिने पुरते.

देशी हवी असेल तर सुलेखा आहे. १९३४ साली आताच्या बांगलादेशातल्या राजशाही शहरात स्वदेशीच्या वाऱ्यात सुरू झालेली बंगाली शाई. मध्यंतरी कारखाना बंद पडला, पण बाटल्या पुन्हा बाजारात आल्या. वयस्कर माणसाच्या हातात ती ठेवली की रंगाच्या आधी आठवणी निघतात. कॅम्लिनची सुरुवातही १९३१ मध्ये घोडा छाप शाईच्या पुडी आणि वड्यांनीच झाली. वडी पाण्यात विरघळवून दौत भरलेली माणसं अजून भेटतात, त्यांना एकदा बोलतं करून बघा.

चमकी असलेल्या शायांबद्दल हमखास विचारतात. दिसतात छानच. फ्रान्सच्या एर्बांची 'एमराल्ड ऑफ शिवोर' पहिल्यांदा पाहिली तेव्हा मीही पाघळलो: मोरपंखी रेघ, तिच्यावर लालसर झळाळी आणि वर सोन्याची बारीक पूड. पण ती पूड तळाशी बसते. भरण्याआधी बाटली हलवायची, पेन आठवडाभर नुसतं पडू द्यायचं नाही, बदलताना चार पाण्यांनी धुवायचं. पेन धुण्यात ज्याचा रविवार आनंदात जातो त्याला जरूर द्या. साहेबांना नको.

हिरवी? तिच्यात आपल्याकडे हुद्दा मिसळलेला आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कामकाजाच्या नियमांत टिपणी निळ्या किंवा काळ्या शाईत लिहायची असते. हिरवी किंवा लाल सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी, तीही क्वचित. त्यामुळे जन्मभर निळ्यात सह्या केलेल्या माणसाला निवृत्तीच्या दिवशी हिरवी बाटली दिली तर तो हसतोच. ही भेट मला मनापासून आवडते. फक्त एवढं सांगून ठेवा की यातल्या बहुतेक रंगीत शाया पाण्यानं पुसट होतात. चेक आणि मृत्युपत्र वेगळ्या पेननं.

आता नागपूरची खास अडचण. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश, टोपण दोन मिनिटं उघडं राहिलं की निब सुकते. आत कूलर. कूलरची ओली हवा कागदाला लागते, पान पापडासारखं सादळतं, आणि एरवी शहाण्यासारखी वागणारी शाई फुटायला लागते. अक्षराला बारीक केस फुटतात, मागच्या बाजूला उमटते ती वेगळीच. पाहुण्यानं दिलेल्या शाईला लोक उगाच नावं ठेवतात. दोष खसच्या टट्टीचा असतो. (बायको म्हणते, तू कूलर बंद कर नाहीतर लिहिणं बंद कर. मी लिहिणं बंद करतो.) म्हणून शाईबरोबर चांगल्या जाड कागदाची वही द्याच.

आणि एक जपा. इथल्या सीताबर्डी बाजारातल्या एका दुकानात मी "वॉटरप्रूफ काळी द्या" म्हटलं आणि त्यानं ड्रॉइंगची शाई बांधून दिली. मीही लेबल न वाचता भरली. त्या शाईत लाख असते. वाळली की पेनच्या घशात बसते. तीन दिवस कोमट पाण्यात ठेवलं, निघाली नाही, निबला शाई पुरवणारा फीड बदलावा लागला. बाटलीवर फाउंटन पेन असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या.

बाटली देताना सोबत एक चिठ्ठी त्याच शाईनं लिहा, टाक बुडवून लिहिली तरी चालेल. वाळल्यावर रंग कसा पडतो ते माणसाला बाटली न उघडता कळतं, आणि तुम्हाला ते देण्याआधीच कळतं. मी ही चिठ्ठी लिहिली असती तर मामांना संत्रा गेला नसता.

पुढच्या वाढदिवसाला मी त्यांना यामा-बुदो नेली. तिच्यानं ते रोजचा हिशेब लिहितात, मामीलाही तो वाचता येतो, जे मामांना फारसं आवडलेलं नाही. यू-याके संपलेली नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूधवाला आला नाही त्या दिवशी मामा तिनं तारखेभोवती गोल करतात. गेल्या महिन्यात चार खाडे होते, चारही दारातून दिसत होते.