फरशीतून वर आलेले चार पाइप

आमच्या घराच्या तळघरात, एका कोपऱ्यात, फरशीतून चार पाइप वर आलेले होते आणि त्यांच्या तोंडांवर टोपणे बसवलेली होती. घर बांधतानाच पुढेमागे कोणाला तिथे न्हाणीघर करावेसे वाटले, तर स्लॅब फोडावा लागू नये, म्हणून बांधणाऱ्याने ही सोय करून ठेवली होती. कित्येक वर्षे त्या पाइपांभोवती आम्ही खोकी रचली. अखेर न्हाणीघर करायचे ठरले, तेव्हा निम्मे काम आधीच झालेले आहे, या समजुतीनेच मी कामाला हात घातला. काम पुरे झाल्यावर आता वाटते की, ते निम्मे काम मुळीच दिसणारे नव्हते, दुसऱ्या कोणाच्या तरी हिशेबाने केलेले होते, आणि ते नीट वाचल्याशिवाय एक टाइलही विकत घेणे चुकीचे ठरले असते.

वाचणे म्हणजे काय, ते सांगतो. सर्वांत जाड, 3 इंची पाइप कमोडचा. त्याच्या शेजारी काँक्रीटमध्ये एक चौकोनी खळगा सोडून तो खडीने भरलेला होता आणि त्यातून शॉवरचा 2 इंची पाइप डोकावत होता. भिंतीच्या रेषेत उभा असलेला तिसरा, 2 इंची पाइप वॉश बेसिनचा. चौथा मात्र या तिघांपासून थोडा दूर होता आणि कमोडच्या पाइपाइतकाच जाड होता. सुरुवातीला ज्या ठेकेदाराला बोलावले होते, त्याने दोन मिनिटे पाहून चारही पाइप सांडपाण्याचेच आहेत, असे सांगितले आणि बेसिन या चौथ्यालाच जोडू, म्हणजे ते हवे तिथे बसेल, असे सुचवले. मला ते पटले नाही. त्या रात्री टोपण काढून मी आत टॉर्च मारला, तर खाली ना वळण होते, ना पाणी. पाइप सरळ खडीत जाऊन संपत होता. जमिनीतून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू घरात झिरपू शकतो आणि तो स्लॅबखालून ओढून छपरावर सोडता यावा म्हणून खडीच्या थरात असा पाइप पुरून ठेवतात. दिसायला तो सांडपाण्याच्या पाइपासारखाच दिसतो. बेसिन त्याला जोडले असते, तर सगळे पाणी घराच्या पायाखालच्या मातीत मुरत राहिले असते आणि ते कळायला कदाचित काही वर्षे लागली असती. म्हणून ज्यांच्याकडे असे पाइप आहेत, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, प्रत्येक पाइप कुठे जातो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

उरलेल्या तिघांची परीक्षा आम्ही पाण्यानेच घेतली. टोपणे एकदम न काढता हळूहळू सैल केली, कारण वरच्या मजल्याची वाहिनी कुठे तुंबलेली असेल, तर आतले पाणी उसळून बाहेर येते. मग प्रत्येक तोंडात बादलीभर पाणी ओतले आणि मुख्य वाहिनीच्या सफाईच्या तोंडाशी मुलाला कान देऊन उभे केले. कमोडचे आणि बेसिनचे पाणी सळसळत गेले. शॉवरचे पाणी आधी थबकले आणि मग संथपणे उतरले; खळग्यातली खडी उपसल्यावर आत बांधकामाच्या वेळचा चिखल साचलेला सापडला. तो काढल्यावर पाइप मोकळा झाला.

त्याहून मोठा प्रश्न असतो पातळीचा. घराबाहेर जाणारी मुख्य वाहिनी तळघराच्या फरशीखालून जात असेल, तर सांडपाणी आपल्या उताराने निघून जाते. ती फरशीच्या वर, भिंतीतून बाहेर पडत असेल, तर फरशीतले पाइप बहुधा एखाद्या खड्ड्याकडे नेलेले असतात आणि तिथे झाकणबंद टाकी व मैला वर ढकलणारा पंप बसवावा लागतो. त्या टाकीला स्वतःचा व्हेंट, म्हणजे हवेच्या ये-जा करण्याचा पाइप, लागतो आणि वर जाणाऱ्या पाइपात पाणी मागे येऊ न देणारी झडप लागते. पावसाचे पाणी उपसणाऱ्या खड्ड्यात मैला सोडणे कधीही चालत नाही. आमची वाहिनी फरशीखालून जात होती, त्यामुळे पंपाचा खर्च आणि त्याचा आवाज दोन्ही टळले. आडव्या पाइपांना दर फुटाला पाव इंच ढाळ हवा, हा नियम प्लंबरला पाठ असतो. तरीही नव्याने टाकलेल्या प्रत्येक तुकड्यावर मी लेव्हल ठेवून पाहिली.

व्हेंट पाइपाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तळघरात सर्वांत जास्त हेळसांड त्याचीच होते. प्रत्येक ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपाच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात, निदान 2 इंच पाणी उभे असते आणि गटारातला वायू घरात येण्यापासून तेवढेच पाणी आपल्याला वाचवते. कमोड फ्लश केला की, पाण्याचा लोंढा पाइपातून जाताना मागे हवा ओढतो. ती हवा वरून मिळाली नाही, तर तो शेजारच्या ट्रॅपमधले पाणी ओढून नेतो. बेसिनमधून गुडगुड आवाज येतो आणि दोन-चार दिवसांत खोलीला घाण वास सुटतो. आमच्या बेसिनचा उभा पाइप हाच तिन्ही जागांचा व्हेंट व्हायचा होता, पण तो भिंतीत कमरेइतका येऊन संपत होता. प्लंबरचे म्हणणे असे की, त्याच्या टोकावर हवा आत घेणारी छोटी झडप बसवली की झाले. अशी झडप हवा आत घेते हे खरे, पण पाइपातला वाढलेला दाब ती बाहेर सोडू शकत नाही, आणि तिचे रबर झिजले की ती बदलावी लागते. ज्याने फरशीत इतकी सोय केली, त्याने छतातही काहीतरी सोडले असणार, अशी माझी खात्री होती. छताच्या तुळयांमधला उष्णतारोधक कापूस बाजूला केल्यावर खरोखरच टोपण घातलेला दीड इंची पाइप हाती लागला. तो वरच्या मजल्याच्या व्हेंटला मिळत होता. खालचा पाइप त्याला जोडायला अर्धा दिवस लागला, आणि आजवर एकदाही गुडगुड ऐकू आलेली नाही.

शॉवरच्या बाबतीत माझी चूक झाली. ट्रे आधी विकत आणला आणि माप नंतर घेतले. ट्रेचे भोक आणि खळग्यातला पाइप यांत 5 इंचांचे अंतर निघाले. पण काँक्रीटमध्ये तो चौकोनी खळगा सोडलेला असतो तो नेमका याचसाठी. प्लंबरने खडी पूर्ण उपसली, पाइप कापला, नवा ट्रॅप ट्रेच्या भोकाखाली ओळंब्यात आणला आणि जोड करताना जे केले, ते मी गुडघ्यांवर बसून पाहिले. दोन्ही टोके पुसून त्यांवर आधी जांभळा प्रायमर, मग सोल्युशन, मग पाइप आत ढकलताना पाव वळसा, आणि त्यानंतर अर्धा मिनिट तसाच दाबून धरलेला हात. हात लगेच सोडला, तर पाइप आपणहून थोडा मागे सरकतो, असे तो म्हणाला. त्यानंतर वाहिनी बूच मारून बंद केली, पाणी भरले आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी पातळी खुणेवरून जराही हललेली नव्हती. तेव्हाच खळगा पुन्हा भरला. स्थानिक नियमांप्रमाणे परवानगी आणि तपासनिसाची भेट हेही याच टप्प्यावर, काहीही झाकण्यापूर्वी उरकावे.

कमोडचे माप भिंतीपासून घेतात, पण ते पूर्ण झालेल्या भिंतीपासून. पाइपाच्या मध्यापासून भिंतीपर्यंत 12 इंच हे नेहमीचे माप. 10 आणि 14 इंचांचे कमोडही मिळतात. आमच्याकडे भिंतीच्या सांगाड्यापासून साडेबारा इंच भरत होते. अर्धा इंच जाडीचा बोर्ड लावल्यावर बरोबर 12 उरणार होते आणि त्यावर टाइल चढवली असती, तर टाकी भिंतीला घासली असती. म्हणून ती एक भिंत आम्ही नुसती रंगवली. मध्यापासून दोन्ही बाजूंना निदान 15 इंच मोकळे ठेवले. फ्लँज, म्हणजे कमोड ज्यावर बसतो ती पाइपाच्या तोंडाची कडी, टाइलच्या पातळीच्या खाली न ठेवता तयार फरशीवर टेकवून काँक्रीटमध्ये स्क्रूने आवळला. मेणाच्या रिंगवर कमोड एकदाच, सरळ खाली उतरवायचा असतो. तो उचलून पुन्हा ठेवावा लागला, तर रिंग नवी घ्यावी.

ओल हा तळघराचा स्वभावच आहे. काँक्रीट कोरडे दिसते, पण जमिनीतली वाफ त्यातून वर येत राहते. 18 इंची चौकोनी प्लास्टिक फरशीवर चारही बाजूंनी चिकटवून ते एक रात्र आणि पुढचा दिवस ठेवले, तर खालून ओल येते का, ते कळते. आमच्याकडे प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक थेंब धरले होते, म्हणून टाइलखाली आधी वॉटरप्रूफिंगचा थर दिला. बाहेरच्या भिंतीला फोमचे तक्ते थेट चिकटवले आणि बोर्ड फरशीपासून अर्धा इंच वर ठेवला, म्हणजे तो खालून पाणी शोषणार नाही. एक्झॉस्ट फॅन मिनिटाला 50 घनफूट हवा ओढणारा घेतला आणि त्याची नळी घराबाहेर नेली. ती छताच्या पोकळीत सोडणे म्हणजे ओल एका जागेवरून दुसरीकडे हलवणे होय. विजेच्या बाबतीत एवढेच की, 5 मिलिअँपिअरच्या आसपासच्या गळतीलाही तुटणारे संरक्षण सॉकेटला हवेच.

एवढे सगळे झाल्यावरही फरशी एका ठिकाणी फोडली, आणि तेही स्वतःहून. तळघरातला शॉवर हे संपूर्ण घरातले सर्वांत खालचे तोंड असते, त्यामुळे मोठ्या पावसात रस्त्यावरचे गटार भरून मागे फिरले, तर मैला प्रथम तिथूनच वर येतो. तो अडवणारी झडप बसवण्यासाठी दोन फुटांचा चौकोन कापला. ती मुख्य वाहिनीवर न बसवता फक्त तळघराच्या फाट्यावर बसवली, कारण मुख्य वाहिनीवरची झडप बंद झालेली असताना वरच्या मजल्यावर कोणी आंघोळ केली, तर ते पाणी बाहेर जाऊ न शकल्याने आपल्याच तळघरात उतरते. त्या चौकोनावर उघडता येईल असे झाकण आहे. दर पावसाळ्याआधी ते काढून झडपेचे पाते स्वच्छ करतो.

बोर्ड चढवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, शेजारी टेप धरून, फोटो काढले होते. त्यांच्या प्रती विजेच्या पेटीच्या दाराच्या आत लावल्या आहेत. चौथा पाइप अजून तसाच उभा आहे. त्याचे टोपण पुन्हा घट्ट बसवून, त्यावर न पुसणाऱ्या शाईने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: रेडॉनसाठी, सांडपाणी जोडू नये.