आमची वाटचाल : पत्रकापासून दुसऱ्या ऑर्डरपर्यंत

कोल्हापूर परिसरातल्या गुऱ्हाळांचा गूळ, काकवी आणि बचत गटांचे मसाले पुण्या-मुंबईच्या घरांत थेट पोचवण्याचं काम आमची छोटी फर्म करते. माल उत्पादकाचा, गिऱ्हाईक शोधणं आणि टिकवणं आमच्याकडे. मधे दुकानदार नाही. त्यामुळे प्रत्येक जाहिरातीबद्दल आम्ही एवढंच विचारतो, की हिच्यामुळे फोन किती आले आणि किती पार्सलांचे पैसे हातात पडले. नाव सर्वतोमुखी व्हावं म्हणून चौकात फलक लावणं हे मोठ्या भांडवलाचं काम आहे. आमच्यासारख्यांनी त्या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सुरुवात वर्तमानपत्रात घालायच्या पत्रकांपासून झाली. आजही नव्या भागात शिरायचं तर आम्ही आधी पत्रकच काढतो. रविवारी पुरवण्या जाड असतात आणि इतरांची पत्रकंही भरपूर, म्हणून गुरुवार किंवा शुक्रवार धरायचा. तोही महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला, पगार झाल्यावरचा. गठ्ठे विक्रेत्यांकडे देऊन निघून यायचं नाही. पहाटे पत्रकं अंकात घालताना आपला माणूस तिथे उभा हवा, नाहीतर काही गठ्ठे तसेच पडून राहतात आणि त्या भागातून प्रतिसादच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

प्रत्येक भागाच्या पत्रकावर वेगळा कोड छापायचा. पण नुसतं ‘ऑर्डर देताना के-3 सांगा’ असं लिहून लोक सांगत नाहीत. ‘के-3 सांगणाऱ्यांना काकवीची छोटी बाटली भेट’ असं लिहिलं की आवर्जून सांगतात. कोडाला गिऱ्हाइकाचा फायदा जोडल्याशिवाय मोजणी होत नाही. मिस्ड कॉलचा नंबरही भागागणिक वेगळा ठेवता येतो, मात्र परतीचा फोन दहा-पंधरा मिनिटांत गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी केला तर आपण कशासाठी मिस्ड कॉल दिला होता, हेच अनेकांना आठवत नाही.

पत्रकात एकच वस्तू, घरपोच धरून एकच किंमत, ऑर्डरची शेवटची तारीख आणि माल पसंत न पडल्यास काय करणार, याचं साधं वाक्य. चार वस्तूंची यादी दिली की माणूस नंतर ठरवू म्हणतो आणि पत्रक रद्दीत जातं. दोन मजकुरांची तुलना करायची तर दोन्हींत एकच गोष्ट वेगळी ठेवावी, मथळा किंवा किंमत. एका मजकुरावर 15 ऑर्डरी आणि दुसऱ्यावर 19 आल्या तर दुसरा जिंकला असं समजू नये. एवढा फरक योगायोगानेही पडतो. पुन्हा छापून पाहावं.

आता हिशेब. समजा 5000 पत्रकं, छपाई आणि वाटप मिळून पत्रकामागे दीड रुपया, म्हणजे 7500 रुपये. त्यातून 15 ऑर्डरी आल्या तर एका ऑर्डरीचा जाहिरातखर्च 500 रुपये. माल, डबा आणि कुरिअर वजा जाता ऑर्डरमागे 200 रुपये सुटत असतील तर पहिल्याच ऑर्डरीला 300 रुपयांचा खड्डा. शिवाय तीन पार्सलं परत आली तर पैसे 12 जणांचेच येतात. खर्च 625 वर जातो आणि खड्डा 425 चा होतो. परत आलेल्या पार्सलांचं दोन्ही बाजूंचं भाडं वेगळंच. हा खड्डा भरायला त्याच घरातून सरासरी आणखी तीन ऑर्डरी याव्या लागतात. अनेक फर्म इथेच बसतात: पहिल्या ऑर्डरीवर नफा दिसत नाही म्हणून जाहिरात थांबवतात, किंवा पुढच्या ऑर्डरींची तजवीज न करता पत्रकं वाटतच राहतात.

परतीची पार्सलं हा या धंद्यातला सर्वांत मोठा गळका नळ. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर आली की पिनकोड आणि गावाचं नाव जुळतं का ते पाहायचं, जवळची खूण विचारायची आणि माल सुटण्यापूर्वी पुन्हा एकदा फोन करायचा. शंका वाटली तर यूपीआयवर थोडी आगाऊ रक्कम मागायची. शंभर रुपये भरलेला माणूस सहसा पार्सल नाकारत नाही. डब्याचं मापही महत्त्वाचं. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि येईल ते किलोतलं वजन धरतात. 30 बाय 20 बाय 15 चा डबा म्हणजे 1.8 किलो. आत एकच किलो गूळ असला तरी भाडं मोठ्या वजनाचं. पावसाळ्यात गूळ पाघळतो, म्हणून त्या दिवसांत हवाबंद पिशवी नसेल तर गुळाची जाहिरात करूच नये. मसाला पुढे करावा.

खरी कमाई गिऱ्हाइकांच्या यादीत आहे. नाव, पिनकोड, कोड, पहिल्या आणि शेवटच्या ऑर्डरीची तारीख, काय घेतलं, पार्सल परत आलं का, एवढे रकाने पुरतात. यादीत मेसेजसाठी संमती दिलेलीच माणसं हवीत. किलोभर गूळ त्या घरात किती दिवस पुरतो याचा अंदाज दुसऱ्या ऑर्डरीनंतर येतो; संपायच्या आठवडाभर आधी आठवण जावी. सगळ्यांना एकाच दिवशी मेसेज टाकणाऱ्यांना हे जमत नाही.

एसएमएससाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे फर्म, हेडर (म्हणजे मेसेज पाठवणाऱ्याचं दिसणारं नाव) आणि मजकुराचा नमुना डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या ऑनलाइन नोंदणी व्यवस्थेत नोंदवावा लागतो. मंजूर नमुन्याबाहेर शब्द गेला की मेसेज अडतो. मराठी मेसेजला 70 जागा मिळतात, त्यापुढे दर तुकड्याला 67. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं: ‘कोल्हापुरी’ डोळ्यांना चार अक्षरं, यंत्राला दहा. म्हणून मजकूर लिहिल्यावर जागा मोजूनच नोंदवावा, नाहीतर एका मेसेजला दोनाचे पैसे जातात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, पण ज्याने आपला नंबर सेव्ह केला आहे त्यालाच मेसेज पोचतो. पहिल्या डब्यात नंबर सेव्ह करण्याची चिठ्ठी टाकतो ती यासाठी.

उत्पादकांकडून आम्ही महिन्याची छोटी ठरावीक रक्कम आणि पैसे वसूल झालेल्या पार्सलामागे ठरलेला वाटा घेतो. नोंदवलेल्या ऑर्डरीवर वाटा ठेवला तर फोनवरचा माणूस कच्च्या ऑर्डरी भरत सुटतो. ‘हा गूळ खाल्ल्याने मधुमेह बरा होतो’ असं छापा, अशी मागणी आली की काम नाकारतो. 1954 च्या औषधी जाहिरातींच्या कायद्यात अशा दाव्याला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी आजारी माणसाच्या आशेवर गूळ विकणं आम्हाला मान्य नाही.

दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळं पेटतात. त्याआधी आम्ही यादी चाळतो. दोन हंगामांत काहीच न घेतलेल्यांना नव्या गुळाचा एक शेवटचा मेसेज जातो. उत्तर आलं नाही तर नाव काढून टाकतो.